मागे बघून मग सीट मागे

प्रश्न: ताई, गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच एकटी मुंबईहून अमेरिकेत नेवार्कला लेकीकडे गेले, पंधरा-सोळा तासांचा प्रवास आणि माझे गुडघे आधीच दुखरे. जेवणाचा ट्रे नुकताच समोर आला होता, पनीरच्या डब्याची चांदी सोलत होते तेवढ्यात पुढच्या मुलाने धाडकन सीट मागे टाकली आणि पाण्याचा ग्लास माझ्या साडीवर सांडला. मी म्हटलं, अरे जरा सरळ कर, तर म्हणे आंटी बटन दिलंय ते मागे करायलाच ना, मी पण पैसे भरलेत. मग मीही रागाने दोनदा गुडघ्याने त्याची सीट ढकलली, तो उठून ओरडला, आणि एअर होस्टेसने मलाच गप्प बसायला सांगितलं. चूक कोणाची? अजून मनातून जात नाहीये.
— एक काकू, नाशिक

उत्तर: काकू, जेवणाच्या वेळी सीट मागे टाकली ही चूक त्याचीच, यात मला शंका नाही. पण गुडघ्याने ढकललंत ना, तिथे तुमची बाजू पडली, कारण होस्टेसला ग्लास सांडलेला दिसला नसेल, ढकलणं दिसलं.

तो बटनाचं बोलला ते अर्धं खरं आहे, सीट मागे करायचा हक्क त्यात बसलेल्याचा, आणि रात्री दिवे घालवल्यावर त्याने ती केली तर आपणही कुरकुर करू नये. आपल्या रेल्वेत बघा, मिडल बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 असं लिहूनच ठेवलंय म्हणून वाद लगेच मिटतो. विमानात टेकऑफ आणि लँडिंगला सीट सरळ हवी हे पक्कं, जेवताना क्रू सांगतात, बाकी सगळं एकमेकांच्या समजुतीवर. त्यात जागा किती, तर एका सीटपासून मागच्या सीटपर्यंत स्वस्तातल्या विमानात 28-29 इंच, लांबच्या प्रवासात 31-32, म्हणजे दोघं त्याच चार बोटं जागेसाठी भांडतात आणि ती कमी करणारी कंपनी मधे कुठेच नसते. 2014 मध्ये तुमच्या त्या नेवार्कहूनच डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकाने लॅपटॉपसाठी पुढची सीट मागे येऊच नये म्हणून क्लिपा लावल्या, पुढच्या बाईने त्याच्यावर पाणी फेकलं, आणि विमान शिकागोला उतरवावं लागलं, बाकी सगळ्यांचा खोळंबा झाला तो वेगळाच.

म्हणून पुढच्या वेळी आधी बोला, "बाळा, माझं जेवण होईपर्यंत दहा मिनिटं सीट सरळ ठेव, मग खुशाल झोप", बहुतेक जण ऐकतात. नाही ऐकलं तर वरचं बेलचं बटन दाबा आणि क्रूला सांगू द्या. आवाज चढवू नका, आपल्याकडे 2017 साली डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जे नियम आणले त्यात नुसत्या शिवीगाळीलाही 3 महिन्यांपर्यंत विमानबंदी ठेवली होती, हात उचलला तर 6 महिन्यांपर्यंत.

आणि परतीच्या तिकिटाचं लेकीला आजच सांगा, अगदी पहिली, भिंतीसमोरची रांग मिळते का बघ म्हणावं, थोडे जास्त पैसे पडतील पण पुढून कोणाची सीटच येत नाही. इमर्जन्सी दाराची रांग मागू नका, दुखऱ्या गुडघ्यांना ती देत नाहीत. पहिली नाहीच मिळाली तर आईल सीट, म्हणजे चालायच्या वाटेकडची, घ्या, दर दोन तासांनी उठून फेरी मारता येईल.