बायबलमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या गोष्टींचा ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्याशी काय संबंध?

मी अंबड तालुक्यातला शेतकरी, जन्मानं आणि मनानंही ख्रिस्ती. शेतावरचंच सांगतो.

बायबल मला नियमांची यादी वाटत नाही, एकच लांब गोष्ट वाटते. देवानं जग चांगलं घडवलं, माणसानं ते बिघडवलं, तरी देवानं ते टाकून दिलं नाही. येशूच्या मरणानं आणि पुनरुत्थानानं ते सावरायला घेतलं, आणि शेवटी सगळं नवं होणार आहे. आपण मधल्या पानांवर जगतो.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो, ते तिची ‘मशागत व राखण’ करायला. पाप येतं तिसऱ्या अध्यायात. म्हणजे काम ही शिक्षा नव्हे, काटे-कुसळं नंतरची. वखर हाकताना हे मला खरंच आठवतं.

पण सगळ्यात जवळची रूथची गोष्ट. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग वाळली, वडिलांनी स्वतः झाडांना कुऱ्हाड लावली. त्या दिवसांत मी ती पुन्हा वाचली. बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचं घर’, आणि तिथंच दुष्काळ पडतो. एक कुटुंब मवाब देशात जगायला जातं, आपल्याकडून लोक ऊसतोडीला जातात तसं. त्या घरची बाई नामी नवरा आणि दोन्ही मुलं गमावून परत येते आणि गावच्या बायांना म्हणते, भरलेली गेले होते, देवानं रिकामी आणलं. तिचं हे गाऱ्हाणं पवित्र शास्त्रात जसंच्या तसं ठेवलंय. म्हणून ‘विश्वास ठेवा, बरकत येईलच’ असं कुणी सांगितलं की मला पटत नाही.

मग तिची परदेशी सून रूथ बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागं राहिलेली कणसं, वेचते. सरवा! मराठी बायबलात हाच आपला शब्द आहे. नियमशास्त्राची आज्ञाच होती, शेताचे कानेकोपरे झाडून कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बवाज त्याहून पुढं गेला. गड्यांना म्हणाला, पेंढ्यांतली काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम टाका. पुढं त्याच रूथचा पणतू दावीद राजा झाला, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचं नाव आलं. बवाजाला यातलं काय ठाऊक होतं? त्याच्यापुढं फक्त सातूची कापणी होती.

माझ्या जगण्याला हेतू मिळतो तो इथून. माझ्या हातच्या कामाचं पुढं काय होईल हे मला दिसलंच पाहिजे असं नाही. बायबलातच, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल पुनरुत्थानावर अख्खा १५ वा अध्याय लिहितो आणि शेवटी सांगतो काय, तर तुमचे श्रम व्यर्थ नाहीत.

आई ज्वारी सोंगताना धुऱ्याकडची दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, सोडून द्यायची. आता आमच्याकडं कापूस जास्त, ज्वारी दोनच एकर. ती दोन तासं मी अजून सोडतो. बाया येऊन कणसं खुडून नेतात, कडबा आमच्या बैलांना राहतो.