लिहिणारा कुठे उभा होता?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू गेल्यावर कप उचलायला आले, तर चहा तसाच, वर साय धरलेली. दोन तास बोललास आणि घोटभर चहा घेतला नाहीस, तेव्हाच कळलं की प्रकरण साधं नाही. दारात चपला घालता घालता म्हणालास, "बाई, तिघंही खोटं लिहितायत. मी विषयच बदलतो." तिघं म्हणजे तुझ्या प्रबंधातले, चौथ्या क्रूसेडची, म्हणजे ख्रिस्ती फौजांच्या चौथ्या धर्मयुद्धाची, हकीकत लिहिणारे. आणि माझं उत्तर न ऐकता जिना उतरलास. ते उत्तर आता लिहून पाठवते आहे. फोनवर तू मधे मधे "हो बाई, हो बाई" म्हणशील आणि माझा राग तिथेच विरून जाईल, म्हणून पत्र.

धीर सोडू नकोस, होईल सगळं नीट, असलं काही मी लिहिणार नाही. तू किती राबतोस ते मी पाहिलंय. तुझा प्रश्नच चुकलाय. "या तिघांतला खरा कोण?" असं तू विचारत बसला आहेस. ते न्यायनिवाड्याला बसलेल्या पंचाने विचारावं. तू आधी एवढंच विचार: लिहिणारा कुठे उभा होता? कुणाच्या पंगतीला जेवत होता, किती वर्षांनी लिहीत होता आणि त्याचं काय पणाला लागलं होतं? बाकीचं सगळं त्यानंतर.

तुझा व्हिलार्दुएँ घे. शँपेनचा मार्शल, म्हणजे मोठा लष्करी अधिकारी, चौथ्या क्रूसेडमधला वजनदार माणूस. तुझी तक्रार अशी की हा पानोपानी दुसऱ्या बंदरांतून परस्पर निघून गेलेल्यांवर खापर फोडतो, फौज मोडायला निघालेल्यांना दूषणं देतो, आणि ख्रिस्तीच असलेल्या कॉन्स्टँटिनोपलवर (आजचं इस्तंबूल) चालून जाणं कसं भागच होतं ते पटवत राहतो. बरोबर आहे. पण १२०१ मध्ये जहाजांचा करार करायला व्हेनिसला गेलेल्या सहा दूतांत तो स्वतः होता, हे तुझ्या प्रकरणात कुठे आहे? मी दोनदा शोधलं. तळटीपेत सापडलं. अरे, ज्या गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे ती तू तळटीपेत टाकतोस?

करार काय होता ते पुन्हा वाच. ४,५०० नाइट, तितकेच घोडे, ९,००० स्क्वायर (नाइटांच्या हाताखालचे), २०,००० पायदळ. एवढ्यांना समुद्रापार न्यायचं आणि बदल्यात ८५,००० मार्क चांदी मोजायची. म्हातारा, जवळजवळ आंधळा दोजे, म्हणजे व्हेनिसचा सत्ताप्रमुख, दांदोलो शब्दाला जागला, जहाजं तयार झाली. पण १२०२ च्या उन्हाळ्यात व्हेनिसला पोचले ते ठरल्याच्या एक तृतीयांशच्या आसपास. सरदारांनी आपली सोन्याचांदीची भांडी दोजेच्या वाड्यावर नेऊन दिली, तरी ३४,००० मार्क कमी पडले. पुढचं सगळं रामायण त्या ३४,००० मार्कांतून निघालं. कर्जफेड लांबणीवर टाकायला झारा हे बंदर व्हेनिसला जिंकून दिलं, तेही ख्रिस्ती शहरच. मग राज्य गमावलेल्या बापाचा मुलगा अलेक्सिओस आला, मला गादीवर बसवा, दोन लाख मार्क देतो म्हणाला, आणि फौज कॉन्स्टँटिनोपलच्या तटाखाली जाऊन उभी राहिली.

आता सांग, ३३,५०० माणसं येतील हा अंदाज बांधणाऱ्यांपैकीच एकजण लिहितो की दोष न आलेल्यांचा, तेव्हा तो काय करतोय? स्वतःच्या सहीचा बचाव करतोय. पण आकडे मात्र त्याने लपवले नाहीत. त्याच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यानेच आपल्या हाताने लिहून ठेवला. तू त्याला खोटारडा म्हणून बाजूला सारलास की तो पुरावाही गेला.

आणि रोबेर द क्लारीला "तक्रारखोर, अविश्वसनीय" असं दोन शब्दांत निकालात काढलंस, त्याचा तर मला फार राग आला. पिकार्डीचा लहानसा जहागीरदार तो, सल्ल्याच्या खोलीत त्याला कोण घेणार! करार कसे झाले, कोणी कोणाला काय कबूल केलं, हे त्याला चावडीवरच्या गप्पांइतकंच ठाऊक. तिथे तो चुकतो, चुकणारच. पण लुटीची वाटणी झाली तेव्हा तो वाटा घेणाऱ्यांच्या रांगेत होता. व्हिलार्दुएँ म्हणतो, जग निर्माण झाल्यापासून कुठल्या शहरात एवढी लूट मिळाली नव्हती. क्लारी सांगतो की बड्या लोकांनी गरिबांना पत्ता लागू न देता चांगले चांगले वाडे आधीच धरले, आणि खालच्या लोकांच्या वाट्याला आली ती जाडीभरडी चांदी, शहरातल्या बायका न्हाणीघरात न्यायच्या तसली भांडी. त्या भांड्यांकडे बघ जरा. मार्शलच्या जागेवरून ती कधीच दिसली नसती.

तटाला पाडलेल्या भोकातून त्याचा भाऊ आलोम आत शिरतो तो प्रसंग तू वाचलास की नुसता चाळलास? आलोम पाद्री. वरून दगड पडतायत, पलीकडे शत्रू उभा, आणि हा गुडघ्यावर रांगत भोकात घुसतोय. मागून क्लारी त्याचा पाय धरून ओढतोय. भाऊ ऐकत नाही, आत जातो, आणि समोरचे पळतात. पुढे वाटणीच्या वेळी पाद्री असल्यामुळे त्याला नाइटचा वाटा द्यायचा की नाही यावर वाद होतो, आणि सँ-पोलचा काउंट आलोमच्या बाजूने कौल देतो. क्लारीला हे सगळं कशाला सांगायचंय ते उघड आहे, भावाचा मान आणि भावाचा वाटा. म्हणून ते खोटं ठरतं का? पाय ओढणाऱ्याने लिहिलंय ते. त्याच्याइतकं जवळ दुसरं कोण होतं?

तिसरा निकेतास खोनियातेस, जिंकलेल्या बाजूचा नव्हे, लुटल्या गेलेल्या शहराचा. बायझंटाइन साम्राज्याचा मोठा अधिकारी. त्याचा वाडा आधीच्या आगीत जळलेला, आयासोफिया या मोठ्या चर्चजवळ एका लहान घरात कुटुंब घेऊन राहिलेला. एप्रिल १२०४ मध्ये फौज आत घुसली तेव्हा त्याच्या ओळखीचा एक व्हेनिसचा व्यापारी शिपायासारखी शस्त्रं लावून दारात उभा राहिला आणि हे घर मी घेतलंय म्हणून लुटारूंना परतवत राहिला. पुढे ते जमेना, तेव्हा सगळे पायी शहराबाहेर निघाले. बायको दिवस भरत आलेली, कडेवर मुलं, तरुण मुलींच्या तोंडाला चिखल फासलेला. त्या माणसाने लॅटिनांना, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या या लोकांना, रानटी म्हटलं तर तू म्हणतोस "पूर्वग्रहदूषित". दुसरं काय म्हणणार होता तो? पण आपल्या जिवावर उदार होऊन वाचवणारा माणूस व्हेनिसचा होता, हेही त्यानेच लिहिलंय. रागाने पेटलेल्या लेखणीतून शत्रूच्या माणसाबद्दल चांगला शब्द निघतो, तिथे थांबायचं असतं. बोट ठेवायचं असतं त्या ओळीवर.

शिवाय याच निकेतासने आपला ग्रंथ पुढे निकेया शहरात बसून सुधारला. सम्राटांच्या पदरी होता तोवर त्यांच्याविषयी जे जपून लिहिलं होतं, ते राजधानी गेल्यावर तिखट झालं. माणूस तोच, हस्ताक्षर तेच म्हण हवं तर, जागा बदलली. आणखी किती सोपं करून सांगू?

आपल्याकडे हे समजावून द्यावं लागत नाही. सभासदाने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीत बसून, हे आपण सभासद उघडण्याआधी सांगतो. त्याने सभासद टाकाऊ ठरत नाही. फ्रेंच नाव दिसलं की तुम्हा मुलांना हे कसं विसरायला होतं?

हे मी एवढं तावातावाने का लिहिते आहे, ते आता सांगते. कधी कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी मी पहिल्या क्रूसेडवर शिकवत होते. जेरुसलेम, १५ जुलै १०९९. रेमाँ द'आगिलेर हा तुलूजच्या काउंटचा पाद्री त्या दिवशी फौजेबरोबर होता, आणि त्याने लिहिलंय की सालोमनच्या मंदिरात लोक गुडघ्यापर्यंत आणि घोड्यांच्या लगामापर्यंत पोचलेल्या रक्तातून घोडे हाकत होते. मी ते वर्गात वाचून दाखवलं. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला, "बाई, एवढं रक्त खरंच साचेल का?" मी म्हटलं, "तो तिथे होता, तू नव्हतास. बस खाली." मुलं हसली. तो बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही.

कित्येक वर्षांनी बायबलचा प्रकटीकरण हा शेवटचा ग्रंथ वाचताना चौदाव्या अध्यायात ती ओळ समोर आली, घोड्यांच्या लगामापर्यंत चढलेलं रक्त. पुस्तक मिटून बसून राहिले. रेमाँ डोळ्यांनी पाहिलेलं लिहीत होता, पण शब्द देवाच्या कोपाचे घेत होता, कारण त्याच्या लेखी घडलं तो ईश्वराचा न्याय होता. कत्तल झालीच, त्यात शंका नाही. पण लगामापर्यंतची ती खोली बायबलची आहे. शार्त्रचा फुल्शर त्या जुलैत तिथे नव्हता, एडेसाच्या बाल्डविनच्या पदरी होता. तो नाताळच्या सुमाराला जेरुसलेमला पोचला आणि त्याने लिहिलं की तटाच्या आत-बाहेर पडलेल्या प्रेतांची दुर्गंधी अजून येत होती. पाच महिन्यांनी! ऐकीव माहितीवर तोही मंदिरातल्या दहा हजारांचा आकडा देतो, आणि शंभरावर वर्षांनी मोसुलमधला इब्न अल-अथीर सत्तर हजारांचा. मला विचारशील तर फुल्शरच्या नाकाला आलेला तो वास या दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त सांगतो.

त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. मी त्याला शोधायचा प्रयत्न केला, सापडला नाही. आमच्या ग्रंथालयात तेव्हा या विषयावर मोजून दोन पुस्तकं होती, लॅटिन मला कोणी शिकवलं नव्हतं, हे सगळं खरं. पण "रेमाँ कोण होता?" एवढं स्वतःला विचारायला लॅटिन लागत नव्हतं.

त्यानंतर मी हट्टाला पेटले ते पेटलेच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रबंधात साधनाच्या लेखकावर स्वतंत्र प्रकरण पाहिजे, नाहीतर सही नाही. मुलं दुसऱ्या मार्गदर्शकांकडे गेली. बाई विक्षिप्त आहेत, मुलांची वर्षं वाया घालवतात, असं खोलीबाहेर बोललेलं मी ऐकलंय. एका मुलीची शिष्यवृत्ती माझ्या हट्टापायी लांबली, ते मला आजही टोचतं, मी वाकायला हवं होतं. पण हट्ट चुकीचा होता असं मात्र मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्यांनी घाईने प्रबंध संपवले त्यांचे प्रबंध मी वाचलेत. "समकालीन साधनांवरून असे दिसते" या एका वाक्यावर पानंच्या पानं उभी आहेत. कोणाला दिसतं? कुठून दिसतं?

तू म्हणशील, बखरकार नकोत, खाजगी पत्रं वाचतो, त्यात तरी माणूस मोकळं लिहितो. पहिल्या क्रूसेडमधला ब्लुआचा काउंट स्टीफन आपल्या बायकोला, आडेलाला लिहितो, वाटेवरच्या अँटिऑक शहराने अडवलं नाही तर निकेयाहून पाच आठवड्यांत जेरुसलेमला पोचू. लागली दोन वर्षं, आणि तीही दुसऱ्यांना. अँटिऑकहून लिहितो की निघताना होतं त्याच्या दुप्पट सोनंनाणं आता माझ्याजवळ आहे आणि सगळ्यांनी मला पुढारी नेमलंय. दोनेक महिन्यांतच, शहर पडायच्या अगदी तोंडावर, तो वेढा सोडून परत फिरला. ते पत्र कुणाला आहे? विल्यम द काँकररच्या मुलीला. तिच्यासमोर लहान दिसायची त्या माणसाची तयारी नव्हती. नवराबायकोच्या पत्रालाही जागा असते, बाळा. आणि तो १०९९ नंतर पुन्हा तिकडे गेला आणि ११०२ साली रामल्याला मारला गेला. भित्रा म्हणून त्याला हिणवण्याआधी तेवढं लक्षात ठेव.

एकच माणूस आणखी सांगते, कारण तो मला फार जवळचा आहे. टायरचा विल्यम. जेरुसलेममध्येच जन्मलेला, तिथल्या राजपुत्र बाल्डविनचा (एडेसाचा तो नव्हे) शिक्षक. त्याने लिहिलंय, मुलं खेळताना एकमेकांच्या दंडाला नखांनी चिमटे काढायची. बाकीची ओरडायची, बाल्डविन गप्प. आधी विल्यमला वाटलं, पोरगं सोशिक आहे. हे वारंवार व्हायला लागल्यावर त्याने चौकशी केली, तेव्हा ध्यानात आलं की मुलाचा उजवा हात जवळजवळ अर्धा बधिर झालाय. कुष्ठरोगाची ती सुरुवात होती. शिक्षकाशिवाय दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं. हाच विल्यम जेरुसलेमचा पेट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, हेराक्लियसबद्दल लिहितो तेव्हा मात्र सावध हो, कारण ११८० मध्ये ते पद विल्यमच्या हातून निसटलं आणि हेराक्लियसला मिळालं. एकाच ग्रंथात एका पानावर डोळे मिटून विश्वास ठेवावा आणि दुसऱ्यावर मुळीच ठेवू नये, असं असतं. म्हणून "विल्यम विश्वसनीय आहे का?" हा प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आणू नकोस. कुठे उभा असताना, ते विचार.

विषय बदलायचा नाही. बदललास तरी मी रागावणार नाही असं म्हणणार होते, पण ते खरं नाही, मी रागावेन. नव्या विषयातही तुला तीन माणसं भेटतील आणि तिघांची तोंडं तीन दिशांना असतील.

रविवारी सकाळी ये. पहिलं प्रकरण मोडून टाक, तळटीपेतला तो व्हेनिसचा करार वर आण आणि तिथून सुरुवात कर. क्लारीची फार नाही, दोनच पानं लिहून आण, भावाचा पाय ओढतो तिथपासून न्हाणीघरातल्या भांड्यांपर्यंत. त्याच्याबद्दल "तक्रारखोर" हा शब्द मला त्या पानांत दिसता कामा नये. आणि या वेळी चहा गरम असताना पी.

तुझी,
बाई