म्हातारपणी काम चालू ठेवलं तर आयुष्य वाढतं का?

तुमचे वडील 58 व्या वर्षी झेडपीतून निवृत्त झाले. आता तासगावहून सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून जायचं म्हणतात. "जपानी म्हातारे काम करतात म्हणूनच इतकं जगतात," हा त्यांचा दाखला खरा का, असं तुम्ही विचारलंय.

अर्धाच खरा. जपानमध्ये पासष्टीपुढच्या चौघांतला एक जण कामावर असतो आणि सरासरी आयुष्य 84 च्या घरात आहे. पण फ्रान्स-स्पेनमध्ये त्या वयात कामावर जाणारे अगदी थोडे, तरी तिथली माणसंही ब्याऐंशी-त्र्याऐंशीपर्यंत जगतात. आपल्याकडे पेन्शन नसलेला शेतमजूर हातपाय चालतात तोवर राबतो, पण तेवढ्यानं त्याला जास्तीची वर्षं मिळत नाहीत.

शिवाय धडधाकट माणूसच कामावर टिकतो, आजारी आधीच घरी बसतो. त्यामुळे काम करणारे जास्त जगताना दिसतातच. अमेरिकेतल्या 1992 ते 2010 च्या पाहणीत, तब्येत चांगली असलेल्यांपैकी 65 नंतर वर्षभर उशिरा निवृत्त झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण 11 टक्के कमी आढळलं. उलट नेदरलँड्समध्ये 2005 साली सवलत घेऊन लवकर बाहेर पडलेल्या सरकारी नोकरांत, पुरुषांचे पुढच्या पाच वर्षांतले मृत्यू घटले. ऑस्ट्रियात अंगमेहनतीचे कामगार लवकर निवृत्त झाले, तर पुरुष जास्त दगावले. त्यात सिगारेट आणि दारूचा मोठा वाटा होता. माझ्या मते काम करावं की नाही यापेक्षा ते कोणत्या अटींवर करायचं, हे महत्त्वाचं.

तेव्हा वडिलांना अडवू नका, अटी ठरवा. दिवसाला चार तास, आठवड्याला पाच दिवस, पोत्याला हात लावायचा नाही, हे मालकाशी आधीच बोलून घ्या. हंगामात आवक वाढली की चाराचे आठ तास कधी होतात कळत नाही, आणि "जरा थांबा" म्हटल्यावर जुन्या वळणाचा माणूस नाही म्हणत नाही. जायच्या आधी बीपी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि डोळे तपासा. मोतीबिंदू असेल तर अंधार पडल्यावर टू-व्हीलर नको, एसटीनं यावं.

मधुमेह असेल तर सगळ्यात जपायचं ते त्यावरच्या गोळ्यांना. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी सकाळी घेतली आणि सौदे लांबून जेवण दोन-अडीचवर गेलं, की साखर घसरते: दरदरून घाम, हात थरथरणं, आकडेमोडीत चुका. लोक त्याला उन्हाचा त्रास समजून नुसतं पाणी पाजतात आणि वेळ जातो. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी मीटरवर बघावं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा द्यावी आणि मग जेवू घालावं. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. नव्या वेळापत्रकाप्रमाणे गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतः बदलू नका.

अडतीवर हळदीची धूळ असते. दमा असेल तर मास्क लागतोच. बैठक अर्ध्या तासाला मोडून यार्डात एक फेरी मारायची. महिनाभरानं झोप, वजन, बीपी बघा. संध्याकाळी घरी आल्यावर ते नातवंडांशी बोलायच्या आधीच आडवे होत असतील, तर तास कमी करायला सांगा.