पाटीची फाइल कटिंगला देताना

प्रश्न : दारावरच्या पाटीचं चित्र 2016 मध्ये इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये 400 मिलिमीटर रुंद काढून ठेवलं होतं. आता त्या एसव्हीजी फाइलचं (इंकस्केपचं रेषाचित्र) कन्व्हर्टरवर डीएक्सएफ (कटिंगला लागणारी फाइल) केलं, तर कटिंगवाल्याच्या ऑटोकॅड या आराखड्याच्या प्रोग्रॅममध्ये पाटी 375 मिलिमीटरच भरते. चूक कुणाची?

उत्तर : 375 या आकड्यातच कारण दडलंय. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या एका इंचात 90 पिक्सेल धरत. 2017 च्या जानेवारीत आलेल्या 0.92 पासून ते 96 झाले, आणि वेबचा नियमही 96 चाच आहे. तुमच्या फाइलमधले आकडे 90 च्या मापाने लिहिलेले, कन्व्हर्टरने ते 96 च्या मापाने वाचले. 400 गुणिले 90 भागिले 96 म्हणजे बरोबर 375. म्हणून अशी गडबड दिसली की आधी गुणोत्तर काढा. पाटी 300 भरली असती, तर फाइल इलस्ट्रेटर या दुसऱ्या चित्र-प्रोग्रॅमची, म्हणजे इंचाला 72 पॉइंटांच्या मापातली, असं ओळखता आलं असतं. 96 च्या मापातल्या फाइलमध्ये 1512 च्या आसपास आकडा आला तर पिक्सेलच मिलिमीटर समजले गेलेत. पंचवीस पटींचा फरक असेल तर इंच आणि मिलिमीटरचा घोळ. ऑटोकॅडमध्ये इन्सयुनिट्सची (फाइलचं एकक ठरवणाऱ्या सेटिंगची) किंमत मिलिमीटरसाठी 4 असते, इंचासाठी 1.

दुरुस्ती सोपी आहे. स्केल कमांड द्या, सगळं निवडा, बेस पॉइंट दाखवा, मग रेफरन्स घेऊन पाटीच्या डाव्या-उजव्या कडांवर क्लिक करा आणि नवी लांबी 400 लिहा. 1.0667 ने गुणण्यापेक्षा हे बरं, कारण दशांशाची कापाकापी होत नाही. पुढच्या वेळी चित्राच्या कोपऱ्यात 100 मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवा आणि कटिंगवाल्याला तो मोजून मग पुसायला सांगा. फाइलसोबत चिठ्ठीवर एकूण रुंदी लिहून देणं तर कधीच सोडू नये.

प्रश्न : पाटीवर देवनागरी नाव आहे. पडद्यावर अक्षरं नीट दिसतात, पण लेझरने शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर आडवे-उभे काप मारले. असं का?

उत्तर : देवनागरीत काम करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते, आणि रोमन लिपीवरून लिहिलेल्या मार्गदर्शनात तिचा उल्लेख सहसा नसतो. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसवलेली असते, म्हणजे जोड दिसू नये. काळा रंग भरलेला असेपर्यंत ते झाकलं जातं. डीएक्सएफमध्ये रंग जात नाही, फक्त कडा जातात, आणि एकमेकांत घुसलेल्या कडा लेझर इमानदारीने कापतो. काना, मात्रा, वेलांटी यांचंही तेच.

इंकस्केपमध्ये मजकूर निवडून शिफ्ट-कंट्रोल-सी दाबा, म्हणजे अक्षरांचे पाथ (नुसत्या कडांचे आकार) होतात. शिफ्ट-कंट्रोल-जीने गट सोडवा, गटात गट असेल तर पुन्हा. मग सगळी अक्षरं निवडून पाथ मेनूतलं युनियन (एकमेकांत घुसलेले आकार एक करणं), म्हणजे कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. आता व्ह्यू मेनूतून फक्त कडा दाखवणारा आउटलाइन मोड लावा. शिरोरेषेच्या आत एकही रेघ उरता कामा नये. पाथ करण्याआधी मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवा, कारण नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. फाँटच्या अक्षरांवर 'स्ट्रोक टू पाथ' मात्र चालवू नका. अक्षरांना बाह्यरेषा दिलेली असेल तर प्रत्येक कडेच्या दोन कडा होतात.

काय कापायचंय तेही आधी ठरवा. पत्र्यातून उभी अक्षरं काढायची असतील, तर शिरोरेषेमुळे शब्द एका तुकड्यात निघतो, पण 'आनंद'मधला अनुस्वार सुटा पडतो. त्याला खालच्या रेषेशी बारीक देठाने जोडा किंवा वेगळा चिकटवायची तयारी ठेवा. उलट पत्र्यात आरपार अक्षरं हवी असतील, तर व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तिथे ब्रिज, म्हणजे तुकडा धरून ठेवणारी न कापलेली पट्टी, ठेवावाच लागतो, निदान पत्र्याच्या जाडीइतका रुंद.

शेवटी इंकस्केपच्या 'सेव्ह ॲज'मध्ये डेस्कटॉप कटिंग प्लॉटर, आर 14 (डीएक्सएफची आवृत्ती) निवडा, बेस युनिट मिलिमीटर. आर 12 मध्ये स्प्लाइन (सलग वक्र रेषा) हा प्रकारच नाही, त्यामुळे वळणं तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषांनी बनतात आणि पत्र्यावर ती पैलूंसारखी दिसतात. कटिंगवाल्याचं सॉफ्टवेअर जुनं असून स्प्लाइन वाचत नसेल, तर ऑटोकॅडमध्ये आधी प्लाइनकन्व्हर्टमोड ही सेटिंग 1 करा, म्हणजे सरळ तुकड्यांऐवजी चापांचे तुकडे पडतात. मग पीईडिट कमांड, मल्टिपल, सगळं निवडून पॉलिलाइन (जोडलेल्या तुकड्यांची एकच रेषा) करायला होकार द्या. अचूकतेचा आकडा 10 पासून सुरू करा; 99 दिल्यास हजारो बिंदू होतात आणि मशीन अडखळत चालतं. त्यातच जॉइन घेऊन फझ डिस्टन्स (टोकांमधली किती फट जोडायची ते अंतर) 0.05 द्या. प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक आकार 'क्लोज्ड' दिसला पाहिजे.

प्रश्न : स्क्रूच्या भोकांना ऑटोकॅडमध्ये त्रिज्येचं माप का लागत नाही?

उत्तर : कारण तिथे वर्तुळ नाही, चार स्प्लाइन आहेत. एसव्हीजीतलं वर्तुळ पाथ होताना चार बेझिए वक्रांचं (गणिताने आखलेल्या वळणांचं) बनतं. आकार बिघडलेला नसतो. 100 मिलिमीटर त्रिज्येला फरक सुमारे 0.03 मिलिमीटरचा. पण सर्कल कमांडमध्ये 3पी घेऊन तीन जोडांवर, एंडपॉइंट स्नॅप (नेमकं टोक पकडणारी सोय) लावून, नवं वर्तुळ काढा आणि जुने चार तुकडे पुसा. भोकं थोडी असतील तर ती इंकस्केपमध्ये काढूच नका, सरळ ऑटोकॅडमध्येच काढा.

प्रश्न : डिझायनरने पीडीएफ दिलीय, पण आयात केल्यावर एकही रेष येत नाही.

उत्तर : ऑटोकॅड 2017 पासून पीडीएफइम्पोर्ट कमांड आहे, पण ती रेषा असतील तरच रेषा देते. पीडीएफ खूप मोठी करून बघा. कडा दातेरी झाल्या तर आत रेषा नाहीत, ठिपक्यांचं जेपीजी चित्रच बसवलेलं आहे. डिझायनरकडे मूळ एआय (इलस्ट्रेटरची) किंवा एसव्हीजी फाइल मागा. अशा चित्रावरून ट्रेस करून मिळणारी कड कटिंगला क्वचितच चालते.