घरी किटचे विमान: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

किट म्हणजे सुट्या भागांचा संच; तो मागवून विमान घरी बांधणाऱ्यांची या वेळी गोव्यातून बरीच पत्रे आली. त्यांतली बहुतेक गंज, दमट हवा आणि पावसाबद्दल आहेत, म्हणून त्या विषयाला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न: दोन आसनांचे ॲल्युमिनियमचे किट मागवायचे आहे. ऑर्डर देण्याआधी काय करावे? घरामागे ६ मीटर बाय ४ मीटरची पत्र्याची शेड आहे, ती पुरेल का? (डिचोली)

पैसे भरण्याआधी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, पत्र लिहा. किट जिथे तयार होते त्या देशात हौशी बांधणाऱ्याला मिळणाऱ्या सवलती इथे आपोआप लागू होत नाहीत. इथे व्हीटी अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी लागते आणि उडवण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाची नोंदणी २०१७ साली झाली, पण उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले. शिवाय १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. त्यामुळे कुणी दिलेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. काय काय लागेल ते लेखी मागवा.

विमान कुठून उडवणार, हेही आत्ताच ठरवा. दाबोळी नौदलाचा तळ, मोपा प्रवासी विमानतळ. दोन्हीकडे ऐनवेळी सोय होईल असे धरून चालू नका.

शेड पंख आणि शेपटीला पुरेल. विमानाचे धड उभे राहिले की त्याच्या चारही बाजूंनी मीटरभर जागा हवी, तेव्हा अडचण होईल. दाराची रुंदी मोजताना चाके बसवल्यानंतरची रुंदी धरा. आणि पत्र्याला आतून इन्सुलेशन लावून घ्या, नाहीतर पहाटे पत्रा घामेजतो आणि थेंब नेमके उघड्या भागांवर पडतात.

बांधकामाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. पत्रा बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक भागाचा तारखेसह फोटो हवा. बंद झालेल्या पंखाच्या आत काय आहे, हे तपासनिसाला नंतर दाखवता येत नाही.

प्रश्न: घर मांद्र्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर. किट कंपनी म्हणते आतून प्रायमर (रंगाखालचा गंजरोधक थर) ऐच्छिक आहे. आम्ही लावावा का? कधी आणि कसा?

लावा. ‘ऐच्छिक’ हा शब्द कोरड्या हवेतल्या हँगरसाठी ठीक आहे.

आधी पत्रा कोणता ते पाहा. २०२४-टी३ या मिश्रधातूत सुमारे ४.४ टक्के तांबे असते. त्याने ताकद येते, पण खाऱ्या हवेत तो लवकर खराब होतो. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर देतात. पातळ पत्र्यात हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या ५ टक्के, म्हणजे ०.६४ मिमीच्या पत्र्यावर जेमतेम ०.०३ मिमी असतो. एक खोल ओरखडा गेला की तो संपला. भोकांच्या आणि कापलेल्या कडांवर तर तो नसतोच. ६०६१-टी६ पत्र्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. त्यावर वेगळा थर नसतो, पण तो मुळात जास्त टिकाऊ आहे.

गंज सुरू होतो तो दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे. खारट ओल फटीत शिरते आणि वाळत नाही. म्हणून जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवर प्रायमर हवाच, तोही जोडण्याआधी. बाहेरचा रंग कितीही चांगला दिला तरी या फटीचे रक्षण होत नाही.

भोके पाडून बर (भोकाच्या कडेला उरलेली धातूची धारदार किनार) काढून झाल्यावर पत्रा ॲसिटोनने पुसा. मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने चकाकी जाईपर्यंत हलके घासा. स्टील वूल वापरू नका. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके दिसू लागतात. मग स्वच्छ सुती कापडाने कापड काळे यायचे थांबेपर्यंत पुसा आणि वर पाणी ओता. पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर पत्रा स्वच्छ. मोत्यांसारखे थेंब जमले तर अजून तेल आहे, पुन्हा पुसा. वाळल्यावर त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा, हातमोजे घालूनच. थर इतका पातळ की खालचा धातू अंधुक दिसावा. जाड थराने संरक्षण फारसे वाढत नाही, वजन मात्र वाढते.

कधी मारायचा, याचे उत्तर दवबिंदूत, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल थेंब होऊन बसू लागते त्यात, आहे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवे. जुलैत खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २५.२ येतो. फरक २.८, म्हणजे काम बंद. त्याच खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ६० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १९.५ पर्यंत उतरतो आणि निवांत काम होते. यंत्र नसेल तर प्रायमरचे सगळे काम मे संपायच्या आत उरका. पावसाळ्यात वायरिंग, सीट, पॅनेल घ्या. प्रायमरला पुन्हा हात चवथीनंतर हवा कोरडी झाली की. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर मात्र बारमाही हवा.

दोन बारीक गोष्टी. पत्र्यावर खुणा शिसपेन्सिलीने करू नका, बारीक मार्करने करा. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटपाशी ओल आली की तिथला ॲल्युमिनियम खाल्ला जातो. दुसरे, पत्र्यावरचे निळे प्लॅस्टिक ‘ओरखडे नकोत’ म्हणून वर्षभर ठेवू नका. त्याखाली ओल अडकून दोऱ्यासारखा गंज पसरतो आणि प्लॅस्टिकही चिकटून बसते. रिवेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) ओळीपुरत्या पट्ट्या सोल्डरिंग आयर्नच्या गोल केलेल्या टोकाने वितळवून काढा, आणि उरलेले पहिल्या पावसाआधी काढून टाका.

प्रश्न: सरावाच्या तुकड्यावर १/८ इंची रिवेट मारतो, पण मागचे डोके एका बाजूला कलंडते. रिवेट खराब की हात? (फोंडा)

बहुधा लांबी. रिवेट लांब झाला की तो फुगण्याआधी वाकतो. हिशेब असा: पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. ०.८ मिमीचे दोन पत्रे म्हणजे १.६, त्यात ३.२ ची दीडपट ४.८. एकूण ६.४ मिमी, म्हणजे पाव इंची. किटच्या भाषेत एएन४७०एडी४-४. तुम्ही त्याहून एक माप लांब, ४-५ तर उचलत नाही ना, ते पाहा. नावात ‘एडी’ असलेल्या रिवेटच्या डोक्यावर मध्यभागी खळगा असतो. खळगा नसलेला रिवेट मऊ धातूचा, तो या कामाला नको.

लांबी बरोबर असेल तर मग हात. मागचा बकिंग बार (रिवेटच्या मागे धरायचा पोलादी ठोकळा) पत्र्याला काटकोनात हवा, आणि रिवेट गनचा घोडा दाबण्याआधी तो रिवेटला टेकलेला हवा. हवेचा दाब ३५ ते ४० पीएसआयपासून सुरू करा. ९० वर सोडलात तर रिवेटच्या आधी पत्रा वाकेल.

भोक ३० नंबरच्या ड्रिलने, ३.२६ मिमी. तयार झालेल्या डोक्याचा व्यास ४.८ आणि उंची १.६ मिमीच्या आसपास हवी. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास अंतर. बर काढताना डीबर टूल बोटांनी एक-दोन वेळा फिरवले की पुरे. जोर लावून फिरवले तर भोकाची कड सुरीसारखी होते आणि पुढे तिथूनच तडा जातो.

बिघडलेला रिवेट काढताना घाई करू नका. मूळ डोक्याच्या नेमक्या मध्यावर, डोक्याच्या जाडीइतकेच ड्रिल करा, पंचने डोके तोडा आणि मागून पत्र्याला लाकडाचा आधार देऊन दांडा ठोकून काढा. थोडासा कलंडलेला रिवेट काढताना भोक लांबट होण्याचा धोका असतो. आमचा सल्ला: किट कंपनीच्या मर्यादेत बसत असेल तर सोडून द्या. भोक मोठे झालेच तर ५/३२ इंची रिवेट चालतो, पण त्याला कडेपासून ८ मिमी जागा लागते.

प्रश्न: गावात फायबरच्या होड्या बनवणारा चांगला कारागीर आहे. पंखांची टोके त्याच्याकडून करून घेऊ का? (वास्को)

त्याचा हात घ्या, त्याचे रेझिन नको. होड्यांना बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यातल्या स्टायरीनने थर्माकोलचा गाभा विरघळतो, आणि इपॉक्सीच्या भागावर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. इपॉक्सी आणून द्या, ते ग्रॅमच्या काट्यावर मोजून मिसळा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने लवकर आवळते, मे महिन्यात तर फारच लवकर. हाताने काम करताना कापड आणि रेझिन वजनाने निम्मे-निम्मे धरा. दमट हवेत वर मेणचट थर आला तर पुढचा थर देण्याआधी तो पाण्याने आणि स्कॉच-ब्राइटने धुऊन काढा.

प्रश्न: रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांच्या इंजिनाला पंपावरचे पेट्रोल चालते असे वाचले. गोव्यात चालेल का? (मडगाव)

रोटॅक्सची मर्यादा १० टक्के इथेनॉल. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे मिळते. महागडे ‘प्रीमियम’ म्हणजे इथेनॉल नाही असे नव्हे. ऑक्टेन वेगळे, इथेनॉल वेगळे.

तपासणी सोपी आहे. १०० मिलीच्या मापनळीत २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घ्या, बूच लावून मिनिटभर हलवा, दहा मिनिटे ठेवा. खालचा थर २० वरच राहिला तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास गेला तर १० टक्के, ३६ च्या आसपास गेला तर २०. प्रत्येक खेपेला तपासा.

इथेनॉल हवेतली ओल ओढते. रात्री टाकी थंड झाली की व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) दमट हवा आत येते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि इंजिनाला आधी तेच मिळते. विमानाचे १००एलएल पेट्रोल चालते. पण त्यात शिसे असते, म्हणून ते वापरातल्या ३० टक्क्यांहून जास्त झाले तर इंजिनाचे तेल १०० ऐवजी ५० तासांनी बदला.

प्रश्न: पावसाचे चार महिने अर्धवट विमान कसे ठेवावे? (साखळी)

चिऱ्याच्या भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वर, सुती चादरीखाली. प्लॅस्टिकने गुंडाळू नका. पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी नळी) आणि टाकीचा व्हेंट लाल फीत लावलेल्या बुचाने बंद करा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचे घर करते. उंदरांना वायरी आवडतात, पिंजरा लावा.

प्रश्न: विमान तयार आहे. वजन आणि गुरुत्वमध्य घरी काढता येईल का? (काणकोण)

येईल. तीन काटे लागतील. बाथरूमचा काटा साधारण १५० किलोवर संपतो, म्हणून भुसारी दुकानातला प्लॅटफॉर्म काटा घ्या आणि आधी खात्रीच्या वजनांनी तपासा. दारे-खिडक्या बंद, पंखा बंद, ब्रेक सैल. विमान उड्डाणातल्या पातळीत आणायला गवंड्याची पाण्याची नळी उत्तम. ओळंबा सोडून संदर्भरेषेपासून (जिथून सगळी अंतरे मोजतात ती ठरावीक रेषा) चाकांच्या आसांची अंतरे घ्या.

उदाहरणादाखल, मुख्य चाकांवर १४५ आणि १४७ किलो, अंतर १.९५ मीटर. नाकाच्या चाकावर ५८ किलो, अंतर ०.५५ मीटर. २९२ गुणिले १.९५ म्हणजे ५६९.४. ५८ गुणिले ०.५५ म्हणजे ३१.९. बेरीज ६०१.३, तिला ३५० ने भागले की १.७१८ मीटर. मुख्य चाकांचे अंतर मोजण्यात २० मिमीची चूक झाली तर हा आकडा जवळजवळ १७ मिमीने सरकतो, म्हणून ओळंबा दोनदा सोडा. पायलट, सहप्रवासी, सामान आणि भरलेली-रिकामी टाकी यांचे हिशेब वेगवेगळे करा. सर्वांत मागचा आकडा बहुधा सामान भरलेले आणि टाकी रिकामी असताना येतो, पण तुमची टाकी कुठे आहे त्यावर ते अवलंबून आहे. रंग अजून द्यायचा असेल तर वजन रंगानंतर पुन्हा करा.