डिव्हाइसचा पत्ता की ठिकाण?

ऐरोलीहून एका वाचकाने विचारलंय: ऑपरेटिंग सिस्टीमवर मराठीत टिपण लिहितोय, ‘डिव्हाइस लोकेशन’ला काय म्हणू? टीममध्ये सगळे ‘पत्ता’ म्हणतात, साहेबांना ‘भौतिक अवस्थिती’ हवी आहे.

‘पत्ता’ तर मुळीच नको. महाप्यापासून वागळे इस्टेटपर्यंत जो तो पत्त्याला लोकेशन आणि लोकेशनला पत्ता म्हणतो, ऐकून कान किटले. ड्रायव्हर, म्हणजे डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम, ज्या आकड्यावरून डिव्हाइस गाठतो तो पत्ता: बसचा (मशीनमधल्या डेटाच्या वाटेचा) क्रमांक, मेमरीतली जागा. एखादं कार्ड वाढवलं की पुढच्या बूटला बसचे क्रमांक बदलू शकतात. नौपाड्यातल्या इमारतीला नवा नंबर दिला म्हणून इमारत काही सरकत नाही! तुम्हाला सांगायचंय ते पोर्ट लॅपटॉपच्या अंगावर कुठे आहे ते. फर्मवेअर (मशीनमध्येच भरलेला मूळ प्रोग्राम) हे एसीपीआयच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या मानकाच्या, ‘पीएलडी’ नोंदीत लिहून ठेवतं: बाजू डावी की उजवी, पुढची की मागची, त्या बाजूवर वर, मध्ये की खाली, झाकणावर आहे का, डॉकवर (लॅपटॉप जोडायच्या तळावर) आहे का. एकाच टाइप-सी खाचेला यूएसबीचा ड्रायव्हर पोर्ट म्हणून ओळखतो, टाइप-सीचा ड्रायव्हर कनेक्टर म्हणून. दोघांकडची ही नोंद जुळली की खाच एकच, हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, उमगतं. लिनक्समध्ये त्यासाठी नोंदीचा ३२ बिटांचा हॅश (नोंदीवरून काढलेला छोटा ओळख-आकडा) ताडून पाहतात.

याला घरचा शब्द आहे, ठिकाण. आणि दोन ड्रायव्हरांनी एकमेकांना द्यायची माहिती असेल तर ठावठिकाणा. ‘भौतिक’ कशाला जोडायचं? ठिकाण म्हटलं की ते आलंच.

‘अवस्थिती’चा आग्रह धरणारे परिभाषाकार म्हणतात, शब्द संस्कृत धातूवरून हवा. मग ‘ठाव’ कुठून आला? त्याच ‘स्था’वरून! ‘स्थ’चा प्राकृतात ‘ठ’ झाला. स्थानचं ठाण, स्थानकाचं ठाणे. धनुर्धर पाय रोवून उभा राहतो त्या पवित्र्यालाही संस्कृतात ‘स्थान’च म्हणतात. ‘ठाण मांडणे’ तिथूनच आलं, असं माझं ठाम मत आहे. नुसतं बसकण मारण्याला मराठी माणूस ठाण मांडणं म्हणत नाही, त्यात हटणार नाही ही जिद्द असते.

आणि आपलं ठाणे पोलीस ठाण्यावरून पडलं, असं छातीठोक सांगणाऱ्या विद्वानांनी शिलाहारांचे ताम्रपट उघडून पाहावेत. अठराव्या शतकात ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा इ. स. १०१७ चा ताम्रपट सापडला. त्यात या गावाचं नाव ‘श्रीस्थानक’ आहे. तेव्हा कुठलं आलं पोलीस ठाणं?