हॉल एक, सभा दोन: मंडळीचं कॅलेंडर चुकतं कुठे?

प्रश्न: ताई, सलाम. मी नाशिक रोडच्या एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सेक्रेटरी आहे. आमच्याकडे हॉल एकच, महिला मंडळ पहिल्या-तिसऱ्या रविवारी आणि तरुण संघ दुसऱ्या-चौथ्या रविवारी, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. 2026 च्या मार्चपासून मी महिला मंडळाची सभा गुगल कॅलेंडरमध्ये टाकली, दर दोन आठवड्यांनी रिपीट लावून, आणि तरुणांची त्यांच्या लीडरने टाकली. मार्च नीट गेला आणि 12 एप्रिलला दोन्हीकडचे लोक एकाच वेळी हॉलच्या दारात! त्यात मे महिन्यातल्या सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी ऑनलाइन फॉर्म काढला तर जागा 60 आणि फॉर्म 83, एकाच मुलाचे दोन-दोन, फी कोणाची आली तेही कळेना. चर्चसाठीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

उत्तर: दादा, सलाम. आधी 12 एप्रिलचं बघू, कारण तुमच्या पत्रातच उत्तर आहे. 'दर दोन आठवड्यांनी' आणि 'पहिला-तिसरा रविवार' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मार्चमध्ये रविवार पाच होते, त्यामुळे तुमचं रिपीट 1, 15 आणि मग 29 मार्चवर गेलं. 29 ला झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, त्या गडबडीत महिला मंडळाची सभा कोणाच्या लक्षातही आली नसणार, आणि तिथून पुढचे दोन आठवडे मोजले की बरोबर 12 एप्रिल, म्हणजे महिन्याचा दुसरा रविवार, तरुणांचा! त्यांच्या लीडरने काही चुकवलेलं नाही. आता ती जुनी नोंद काढून टाका आणि रिपीटमध्ये कस्टमला जाऊन 'दर महिन्याच्या पहिल्या रविवारी' अशी एक आणि तिसऱ्या रविवारची दुसरी, अशा दोन नोंदी करा. पाचवा रविवार मोकळा ठेवा, तो लागतोच कशाला ना कशाला.

अशीच चूक गुड फ्रायडेला होते. 2026 चा गुड फ्रायडे 3 एप्रिलला होता, त्याला कोणी 'दर वर्षी' रिपीट लावलं तर 2027 मध्येही तो 3 एप्रिललाच दिसेल, म्हणजे शनिवारी, ईस्टर होऊन सहा दिवस झाल्यावर. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तारीख सरकत राहते. 2027 साठी हाताने टाका: भस्म बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) 10 फेब्रुवारी, गुड फ्रायडे 26 मार्च, ईस्टर 28 मार्च, पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा सातवा रविवार) 16 मे. नाताळला मात्र बिनधास्त रिपीट लावा. आणि नाशिककरांनी आणखी दोन गोष्टी टाकून ठेवाव्यात, फेब्रुवारीतली बाळ येशूची यात्रा, कारण तेव्हा नाशिक रोडला गर्दी असते आणि घरोघरी पाहुणे, आणि 2027 चा सिंहस्थ. त्या पावसाळ्यात त्र्यंबक रोडकडे तरुणांचं शिबिर ठरवून बसलात तर बस निघेल पण पोहोचेल कधी?

हॉलसाठी वेगळं कॅलेंडर काढा, नाव फक्त 'हॉल'. साधं जीमेलवालं कॅलेंडर एका वेळेला दोन कार्यक्रम टाकले तरी अडवत नाही, शेजारी-शेजारी दाखवतं आणि गप्प बसतं, म्हणून लिहायची परवानगी एकाच माणसाला द्या, बाकी सगळ्या संघांना फक्त बघायची. पाळकसाहेबांनासुद्धा. त्यांना वाईट वाटेल असं वाटतंय ना, पण हॉलची तारीख तीन ठिकाणांहून तोंडी दिली गेली की कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

आता फॉर्म. एका मुलाचे दोन फॉर्म येतात कारण आई पण भरते आणि बाबा पण, नावाचं स्पेलिंग दोघांचं वेगळं. जन्मतारीख विचारा, ती दोघं सारखीच लिहितात, फॉर्मची उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये जन्मतारखेवर सॉर्ट केलं की जोड्या लगेच दिसतात (जुळी भावंडं असतील तेवढी बघून घ्या). यूपीआयने फी भरल्यावर येणारा बारा आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) फॉर्ममध्ये लिहायला लावा आणि खजिनदाराने तो बँकेच्या नोंदीशी जुळवल्यावरच 'जागा पक्की' असं लिहावं. नुसता फॉर्म भरला म्हणून जागा मिळाली असं नाही, हे फॉर्मच्या पहिल्याच ओळीत लिहा. 60 पक्क्या झाल्या की फॉर्म बंद, उरलेल्यांची वेटिंग लिस्ट, फॉर्म आल्याच्या वेळेप्रमाणे. ज्या आजी नातवाचं नाव उपासनेनंतर कागदावर देतात त्यांचा कागद त्याच दुपारी शीटमध्ये चढला पाहिजे, नाहीतर मोबाइल नाही म्हणून त्यांचं मूल मागे राहतं आणि हे मला अजिबात पटत नाही.

शीटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, त्यात लहान मुलांच्या जन्मतारखा आणि घरचे नंबर आहेत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायचं सांगितलंय, तेव्हा फॉर्ममध्ये तेवढा एक रकाना पालकांसाठी ठेवा आणि शाळा संपली की नको ती माहिती डिलीट करा.

राहिलं विकतचं सॉफ्टवेअर. प्लॅनिंग सेंटरसारखं अमेरिकन सॉफ्टवेअर आहे, त्यात कॅलेंडर आणि रजिस्ट्रेशन असे वेगळे भाग मिळतात, खोल्यांची टक्करही ते दाखवतं, पण पैसे डॉलरमध्ये आणि त्याचा खरा उपयोग बऱ्याच खोल्या, बरेच कर्मचारी असलेल्या चर्चला. तुमचा हॉल एक आहे. ते पैसे सध्या बायबल शाळेच्या खाऊला वापरा.